वकीलसाहेबांचा हात

आमच्या वकीलसाहेबांचा हात त्यांच्या तोंडाच्या आधी पोचायचा. टायपिस्टकडून वेलांटी चुकली की टपली, चहा पांचट झाला की पाठीत धपाटा, पक्षकार मध्येच बोलला तर त्याच्या तोंडावर सरळ तळहात. आदिलाबादच्या कोर्टात त्यांना मागून 'चापटसाहेब' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. मला त्यांच्याबद्दल किळस यायला तेवढंच पुरेसं होतं, पण ती यायलाही मला दोन वर्षं लागली.

मी सनद घेऊन आले तेव्हा माझ्या वडिलांनी, मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांनी, हात जोडून मला त्यांच्याकडे ठेवलं होतं. दिवाणी कामात गावात त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं, हे नाकारून चालणार नाही. माणसाच्या अंगाला, अब्रूला धक्का लावण्याचा कायदा तर ते असा समजावायचे की कॉलेजातली वर्षं फुकट गेल्यासारखी वाटावीत. "हात उगारला आणि समोरच्यानं मान चुकवली, तिथंच दावा उभा राहतो," ते म्हणायचे. "हात लागायची गरज नाही. आणि लागला, तर जखम दाखवायची गरज नाही. माझ्या मर्जीशिवाय लागला, एवढं पुरे." हे सांगताना शेजारी बसलेल्या मुन्शीच्या डोक्यात टपली मारून दाखवायचे. उदाहरण म्हणून.

हे मुन्शी म्हणजे गंगाधरमामा. साठीला टेकलेले. वडील शेतमजूर, घरात शिकलेले हे पहिलेच. तीस वर्षं साहेबांचे अर्ज-दावे त्यांनीच लिहिले, तारखा त्यांनीच सांभाळल्या. टपली खाऊन चष्मा सारखा करायचे आणि पुढची ओळ लिहायला घ्यायचे. एकदा मी विचारलं, "मामा, तुम्ही काही बोलत का नाही?"

"बोलून काय करू बाई? ऐकून राह्यलो ना, थेच बरं हाय."

एका मे महिन्यात कपाशीच्या एका व्यापाऱ्याची फाइल सापडेना. ऑफिसात पाच-सहा पक्षकार बसलेले. साहेबांनी सगळ्यांदेखत मामांच्या थोबाडीत मारली. चष्मा उडून बाकाखाली गेला. मग दंडाला धरून त्यांना मागच्या फाइलींच्या खोलीत ढकललं, बाहेरून कुलूप घातलं, किल्ली कोटाच्या खिशात टाकली. "फाइल सापडेपर्यंत बाहेर यायचं नाही," म्हणाले आणि कोर्टात गेले. तिथून जेवायला घरी गेले. घरी थोडे झोपलेही.

त्या खोलीला पंखा नव्हता. मी खिडकीच्या गजांतून पाण्याची बाटली आत दिली, चष्मा दिला. कुलूप फोडायला कुणाला बोलावलं नाही. मामांनीही सांगितलं नाही. चार तास त्यांनी आत फाइली शोधल्या, मी बाहेर बसून राहिले.

फाइल साहेबांच्या गाडीत मागच्या सीटवर होती. त्यांनी कुलूप काढलं आणि म्हणाले, "सापडली. जा, जेवून घे."

मामा दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. महिनाभराने आलं ते समन्स. मारहाण आणि बेकायदा डांबून ठेवल्याबद्दल नुकसानभरपाईचा दिवाणी दावा. एकाही वकिलाने वकीलपत्र घेतलं नव्हतं, म्हणून मामांनी दावा स्वतःच लिहिला होता. साहेबांनी तो वाचला. एकही मुद्दा सुटलेला नव्हता. सुटणार कसा? शिकवणारे तेच होते.

"लिही," ते मला म्हणाले, "असं काही घडलंच नाही."

"घडलं, साहेब. मी होते तिथं."

त्यांचा हात उचलला गेला, टेबलाच्या वर येऊन थांबला. मी मान चुकवली नाही. पिशवी उचलली आणि निघाले. वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

साक्षीला मी उभी राहिले, तेव्हा उलटतपासणी साहेबांनी स्वतःच घेतली. कामकाज तेलुगूत चाललेलं, पण मला प्रश्न त्यांनी मराठीतच टाकले, घरच्या माणसाला विचारावेत तसे.

"तो आतून ओरडला?"

"नाही."

"दार ठोठावलं?"

"नाही."

"म्हणजे आपल्या मर्जीनं बसला होता."

"कुलूप बाहेरून होतं. किल्ली तुमच्या कोटात होती."

"मग तू का नाही फोडलंस?"

"भीत होते."

"कुणाला?"

"तुम्हाला."

जज्जसाहेबांनी शेजारच्या कारकुनाकडून याचा अर्थ समजून घेतला आणि लिहून घ्यायला सांगितलं.

निकाल मामांच्या बाजूने लागला. साहेबांनी अपील केलं नाही. अपिलात ते सगळं पुन्हा वाचलं गेलं असतं. कोर्टाच्या आवारात मात्र ते सांगत फिरले, "मी त्याला पोटच्या पोरासारखं वागवलं, आणि त्यानं असे पांग फेडले." ऐकणारे माना हलवायचे. ते ऐकणारे कोण, हे मी लक्षात ठेवलं आहे.

दोन वर्षांनी ते ऑफिस बंद करून मुलाकडे हैदराबादला निघाले. मला बोलावणं आलं. मी गेले, कारण काही म्हटलं तरी काम त्यांनीच शिकवलं होतं. आज मी दावा लिहिते तो त्यांच्याच पद्धतीने, आणि त्याची मला लाज वाटते तशीच गरजही पडते. पुस्तकं खोक्यांत भरलेली होती. ते थकलेले दिसत होते. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल.

बोलले. "गंगाधरला सांग," म्हणाले, "मी त्याला माफ केलं."

संध्याकाळी बस स्टँडजवळ मामा भेटले. नातीला शिकवणीवरून घेऊन चालले होते.

"गेले का साहेब?"

"चालले उद्या."

"काई म्हनले का मले?"

"नाही मामा. काहीच नाही."

"बरं," ते म्हणाले. नातीचं दप्तर खांद्यावर घेतलं आणि रस्ता ओलांडून गेले.