सात दगड

आमच्या काळेवाडीतल्या इमारतीच्या तळघरात ऐन मे महिन्यातही पाणी झिरपतं. काल पंप लावायला निघालो, तर जिन्यातच ओल्या मातीचा थंड वास आला आणि सत्तरच्या दशकातली एक दुपार आठवली.

शहराच्या आराखड्यासाठी मी विहिरी, झरे, झाडं यांची नोंद करत फिरायचो. तेव्हा इथे शेत होतं, करंजाखाली शेंदूर फासलेले सात दगड होते. शेताची मालकीण सरूबाई म्हणाली, "साती आसरा हायती, सायेब, पाण्याच्या देव्या. खाली झरा हाय. बूट काढून जावा."

नाड्या सोडायचा मला कंटाळा आला. तिने दिलेलं तांब्याभर गार पाणी प्यायलो आणि लांबूनच लिहिलं, 'खडकाळ, पाणी नाही.' आराखड्यात ती जागा घरांसाठी गेली.

काल जिन्यात चपला काढल्या, मगच खाली उतरलो.