मेजर आणि हिरवा दिवा

विश्रामबागेत मला तीन मेजर ठाऊक आहेत आणि त्यांतला एकही मेजर नव्हता. आपल्याकडे फौजेतून पेन्शनवर आलेल्या कुणालाही मेजर म्हणायची पद्धत आहे, तसे सयाजी वीरकर. प्रत्यक्षात सिग्नलचे हवालदार. गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे. लहानपण मेंढरांमागे गेलं आणि पुढची चोवीस वर्षं कानाला हेडफोन लावून वायरलेस सेटसमोर. त्यांच्या गल्लीतून जायचं मी हल्ली टाळतो. पुढच्या चौकातून वळसा पडतो, पेट्रोल जळतं. जळू दे.

मी जयराज, वायरमन. मोबाईलवर चालणारे दिवे आणि स्विच बसवायची कामं घेतो, कारण लोक आता तेच मागतात. मला स्वतःला त्या वस्तूंचा मनापासून राग आहे. तार तुटली तर कुठे तुटली ते बोटानं दाखवता येतं. हवेतून जाणाऱ्या गोष्टीत नेमकं काय तुटलं ते कुणाच्या बापाला दाखवता येत नाही.

गेल्या वर्षी गणपती उठले आणि आठवड्याभरात मेजरांच्या पत्नीला, राहीबाईंना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डावा हात तेवढा राहिला. उशाशी एक स्टीलची वाटी आणि चमचा असायचा. त्यांनी चमचा वाटीवर मारला की मेजर असतील तिथून धावत यायचे. तो आवाज स्वयंपाकघरात जायचा, अंगणात जायचा, जिन्यातून वर गच्चीपर्यंत जायचा. गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान आहे, तिथपर्यंत मात्र जात नसे. म्हणून पाच महिने मेजर घराबाहेर पडले नाहीत. केस मानेवर आले होते. फौजी माणसाला ते किती लागत असेल, हे मला त्यांच्या सारख्या मानेवर जाणाऱ्या हातावरून कळायचं.

फेब्रुवारीत त्यांच्या मुलानं, धैर्यशीलनं, कॅनडातून एक खोकं पाठवलं. पोराचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. दुकानात छान दिसलं ते त्यानं घेतलं. एक बटण, एक दिवा, एक कॅमेरा, एक दाराचं कुलूप. कॅमेरा मेजरांनी लगेच परत खोक्यात घातला. बायकोवर पहारा बसवणार नाही म्हणाले. बटण मात्र हातात धरून बसले आणि मला बोलावलं. राहीबाईंनी दाबलं की आपण कुठेही असलो तरी कळावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"मेजर, ही एकमेकांशी बोलत न्हाईत," मी म्हणालो. "कॅमेरा वायफायवाला. कुलूप ब्लूटूथवालं, ते हाताच्या अंतरावरच चालतंय. बटण आन् दिवा झिगबीवाले, त्यास्नी मधी एक पेटी लागती. पेटी त्यांचं ऐकणार, नेटवरनं पुढं धाडणार, मग तुमचा मोबाईल वाजणार."

"फ्रिक्वेन्सी काय हाय?"

मी सांगितली. ते विचारात पडले.

"वायफायची बी तीच, झिगबीची बी तीच. मग येकमेकाचं ऐकत का न्हाईत?"

"भाषा येगळी हाय."

"आमच्या सेटवर मद्रासी हुता, सरदार हुता, मी माणदेशी. घरात काय बी बोला, सेटवर समद्यांची बोली येकच."

"आता तसं काढलंय, मॅटर म्हणत्यात. समद्या कंपन्यांनी येकच बोली बोलायची. पर ह्या बटणात ते न्हाई."

मी पेटी आणली, जोडली. राहीबाईंनी डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं आणि मेजरांच्या खिशात मोबाईल वाजला. माझ्या मते काम संपलं होतं. मेजर हलेनात.

"आन् मी ऐकलं हे तिला कसं कळावं?"

"म्हंजे?"

"निरोप मिळाला की आमी उलट रॉजर द्यायचो. त्याबिगर समोरच्यानं सेट सोडायचा न्हाई, परत परत बोलत ऱ्हायाचं. हिला रॉजर नगं?"

मला घाई होती, दुसरीकडे मीटर उघडा टाकून आलो होतो. पाच मिनिटांत मी बटण त्या दिव्याला जोडलं. दाबलं की उशाशी हिरवा दिवा लागायचा, मेजर आले की परत दाबून विझवायचे. राहीबाईंनी दाबलं, दिवा लागला आणि त्या अर्ध्या तोंडानं हसल्या. मेजरांनी तोंड फिरवून डोळे पुसले. मीही खुशीत आलो. उशाची वाटी उचलून मांडणीवर ठेवली आणि म्हणालो, "ही आता आमटीला घ्या."

दिव्याचा रस्ता आणि मोबाईलचा रस्ता वेगळा होता. बटण ते पेटी ते दिवा, हे सगळं घरातल्या घरात. मोबाईलचा निरोप मात्र बाहेरच्या नेटवरून फिरून येणार. नेट गेलं, निरोप पोचलाच नाही, तरी दिवा लागणारच. मला हे माहीत होतं का? होतं. सांगितलं का? नाही. मीटर उघडा होता ना.

दोन महिने बरे गेले. मेजर न्हाव्याकडे जाऊन आले, औषधं स्वतः आणू लागले. मला रस्त्यात भेटले की उगाच सॅल्यूट ठोकायचे.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी चौकात रस्ता खोदत होते आणि नेटची केबल तुटली. मेजर त्या दिवशी कुठे लांब गेले नव्हते. गावाकडून आलेला शाळू गच्चीवर वाळत घालत होते. पाऊण तासानं खाली आले. दिवा हिरवा होता. राहीबाईंना पडल्या पडल्या उलटी झाली होती, ती श्वासात गेली होती. अंग अजून गरम होतं.

संध्याकाळी केबल जोडली गेली. सगळे स्मशानातून परत येऊन अंगणात बसले होते आणि मेजरांच्या खिशात फोन वाजला. पेटीनं अडकून पडलेला निरोप सोडला होता. तिथं कुणालाच काही कळलं नाही. मला कळलं आणि मी चप्पल घालून निघून आलो.

तेराव्यानंतर त्यांनी मला बोलावलं. कॉट रिकामी होती, बटण आणि दिवा जागेवर. त्यांनी माझ्यासमोर नेटची वायर काढली, आपला मोबाईल माझ्या हातात दिला आणि बटण दाबलं. दिवा लागला. मोबाईल गप्प.

"त्या दिशी सांजच्याला येकच निरोप आला," ते म्हणाले. "म्हंजी तिनं येकदाच दाबलं. हिरवं दिसलं, तिला वाटलं मी ऐकलं, निघालोय. म्हनून परत दाबलं न्हाई. वाट बघत ऱ्हायली."

मी मोबाईल कॉटवर ठेवला.

"असं हुतंय, तुला ठावं हुतं?"

"व्हय."

मारतील असं वाटलं. मारलं असतं तर फार बरं झालं असतं. ते स्वयंपाकघरात गेले, मांडणीवरची वाटी आणि चमचा आणला आणि माझ्या हातात दिला. मला कॉटवर बसायला सांगितलं. मग एकेक पायरी चढत वर गेले. गच्चीच्या टोकापर्यंत जाणारी त्यांची पावलं मला छतावर ऐकू आली.

"वाजव," ते वरून म्हणाले.

हात उचलायला मला वेळ लागला. मी चमचा वाटीवर मारला, जोरात नाही, आजारी बाई मारेल तसा.

वरून लगेच आवाज आला, "रॉजर."