चार ओहमचे स्पीकर आणि आजोबांचे कान

आमच्या मारतहळ्ळीच्या फ्लॅटमधले दोन लाकडी स्पीकर तुम्हाला आठवत असतील. त्यांच्यावर चढलात म्हणून आजोबा ओरडले होते. त्यांचा जुना अँप्लिफायर मागच्या वर्षी जळाला. तुमच्या बाबाने लगेच एक छोटा, तळहातावर मावेल असा पाठवून दिला. तो जोडला, गाणं लावलं, आणि आजोबा म्हणाले, "बाई गोधडीत तोंड घालून गातेय." त्यानंतर त्यांनी गाणं ऐकणंच सोडलं.

गोधडी नक्की कुठे आहे, याची मला शंका होती. आजोबांची सगळी नोकरी पीण्या भागातल्या एका कारखान्यात, धडधडत्या प्रेस मशीनच्या शेजारी झाली. आता दाराची बेल वाजली तरी ते पेपर वाचत बसतात. कान तपासून घ्या म्हटलं की म्हणत, "आधी मशीन तपासा, मग माणूस." शेवटी आमचं ठरलं: चांगला अँप्लिफायर लावूनही गोधडी राहिलीच, तर ते मुकाट्याने डॉक्टरांकडे येणार.

दुकानात जाताना मी म्हटलं, स्पीकर बरोबर घ्या.

"तिथे त्यांचे असतात की."

"साडी घरी ठेवून मॅचिंग ब्लाउजपीस आणायला मी कधी गेलेय का?"

जुन्या चादरींत गुंडाळून स्पीकर रिक्षात ठेवले. एक आमच्या दोघांच्या मध्ये, दुसरा आजोबांच्या मांडीवर. सिग्नलला रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं.

दुकानदार मूळचा बेळगावकडचा. मराठी ऐकताच खुलला. स्पीकरची पाठ पाहून म्हणाला, "अण्णा, हे चार ओहमचे आहेत की! भारी खादाड. तुमच्या त्या लहानग्याला कुठलं झेपतंय? दम लागतोय त्याला."

"ऐकलंस?" आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले. "मशीन."

पहिला अँप्लिफायर जोरकस होता, पण गाणारीचा आवाज कानाला टोचत होता. दुसऱ्यावर तो मऊ झाला आणि तबल्याचा डगा खोलीत भरला. आजोबांनी मांडीवर ठेका धरला. मग फोनमधल्या आकड्यांपासून आवाज तयार करणारी डबी, म्हणजे डिजिटल कन्व्हर्टर, निवडायची होती. दुकानदाराने तीन आलटून पालटून लावल्या. पहिलीत मागे बारीक खरखर होती. उरलेल्या दोन्हींत मला काडीचा फरक कळला नाही, आणि मी तसं सांगितलं.

"सरी, बरं, मग साधीच घ्या अक्का," तो म्हणाला. "फरक ऐकू येत नाही तर फरकाचे पैसे कशाला?"

मी आमचं नेहमीचं रेकॉर्डिंग पुन्हा सुरुवातीपासून लावायला सांगितलं. त्यात गाणं सुरू होण्याआधी बराच वेळ नुसता तंबोरा वाजतो. तारेची ती झणझण, जवारी, इतकी स्वच्छ मी घरी कधी ऐकली नव्हती. मी आजोबांकडे पाहिलं. ते ठेका धरायला हात उचलून थांबले होते.

"सुरू झालं का?" त्यांनी विचारलं.

"केव्हाच. तंबोरा चाललाय."

ते पुढे झुकले. उजवा कान स्पीकरच्या जाळीला लावला, मग डावा. दुकानदार उगीचच वायरी गुंडाळू लागला.

"हुं हुं असं खालचं येतंय," आजोबा म्हणाले. "वरचं नाही. तुला येतंय?"

"येतंय."

"झणझण?"

"अगदी लख्ख."

ते सावकाश खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे मशीन निर्दोष सुटलं," ते म्हणाले.

मला वाटलं, आता ते काही न घेता उठतील. दुकानदारालाही तसंच वाटलं असावं. त्याने हलक्या आवाजात विचारलं, "अण्णा, मग राहू दे का?"

"राहू दे कशाला? हाच बांधा, आणि ती साधी डबी. हिला ऐकू येतंय ना."

आता संध्याकाळी गाणं लागतं. आजोबांना डगा आणि आवाज मिळतो, तंबोरा मी त्यांना सांगते. कान तपासायची वेळ मी दुसऱ्याच दिवशी घेतली. वाटभर कुरकुरले, पण आले.