खंडेनवमीला फिरलेलं मशीन

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी गिरणीत मागांचा फिटर... भूतखेत, चमत्कार असल्या गोष्टींना कधी भीक घातली नाही. यंत्र बंद पडलं म्हणजे कुठंतरी काहीतरी तुटलंय, बस्स! तरीही...

७६ साल असेल. आम्ही सोलापुरात, साखर पेठेत राहायचो. थोरल्या भावानं कुवेतहून वॉशिंग मशीन आणलं होतं – अख्खी गल्ली बघून गेली! धाकटी बहीण शैला तेव्हा पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरीच, हा आईचा हट्ट. पण आई न्हाणीत घसरली अन् उजवा हात प्लास्टरात! अकलूजहून शैलाच्या सासूबाईंचा निरोप आला, "येऊन बघते, मग ठरवू." आईचा उलट निरोप – "हात न्हाय तर न्हाय, मशीन हाय की!"

अन् नेमकं मशीन अडून बसलं. झाकण मिटलं की आतला स्विच दाबला जातो, मगच ड्रम फिरतो. तो स्विचच बिघडलेला. मी तो काढला, वायरींच्या टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळली. म्हटलं, उद्या बसवू. उद्या उजाडली ती खंडेनवमी! आईनं माझी पक्कड, पाना, स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलेलं... स्विचलासुद्धा!

"आज हत्याराला हात लावायचा न्हाय."

"अगं आई, विहीणबाई आजच येणारेत!"

"येऊ देत की. पूजा झालीया, चालंल मशीन."

दुपारी त्या आल्याच, शैलाला घेऊन. आईचं प्लास्टर बघून म्हणाल्या, "विहीणबाई, हात असा, मग दुपटी कोन धुनार वो?"

आई ऐटीत उठली. डाव्या हातानं चादर आत टाकली, झाकण मिटलं, बटण फिरवलं. मी डोळेच मिटले. गेली अब्रू!

घर्रर्र... ड्रम फिरायला लागला! मी पाटाकडं पाहिलं. स्विच तिथंच, झेंडूच्या फुलाखाली.

"अगं बया! लई ब्येस की!" विहीणबाई झाकणावर हात ठेवून म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या पोरीला हितंच." शैला रडता रडता हसत होती. मला तर नाचावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बघितलं, तर टेप जशीच्या तशी. स्विच दुरुस्त करून बसवला, मग वायरी थेट जोडून पाहिल्या – ढिम्म! ते मशीन पुन्हा कधीच फिरलं नाही. त्या दिवशी कसं फिरलं, हे फिटर असून मला आजतागायत सांगता येत नाही.

भाची झाली. सव्वा महिना तिची दुपटी मी न्हाणीत बसून, दगडावर आपटून धुतली. अन् आई अकलूजला खुशाल कळवत होती – "मशीन लई झकास चाललंय!"