पलीकडच्या बाजूचे साडू

जिंकणाऱ्याच्या मागे धावणारी माणसं पैशाला पासरी मिळतात. पण हरणाऱ्याचा पत्ता शोधत जाऊन त्याच्याकडे मुक्काम ठोकणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू निघाला. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मूळचे नागपूरचे, इकडे आयर्लंडमध्ये स्लायगोजवळ औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर. डोकं तल्लख, तब्येत ठणठणीत. दोष एकच. कुठेही दोन बाजू दिसल्या की हा गृहस्थ आधी मार कोण खातंय ते पाहतो आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढतो.

डब्लिनला आमच्या घरी क्रिकेट बघायला सगळे निळे शर्ट घालून जमतात. समोरच्यांच्या विकेट पडायला लागल्या की आम्ही ओरडतो आणि साडू गंभीर होतात. "टाळ्या काय वाजवता? त्या पोराची पहिलीच मॅच आहे, आई बघत असेल त्याची." बायका लगेच हळहळतात आणि भारत जिंकल्याचा आनंद आम्हाला चोरून करावा लागतो. एकदा मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला एक गृहस्थ उभे राहिले, ज्यांना त्यांच्या बायकोचंसुद्धा मत पडेल अशी खात्री नव्हती. साडूंनी दया येऊन असा काही प्रचार केला की ते निवडून आले. दुसऱ्या दिवशी साडू पडलेल्या उमेदवाराकडे चहाला! नवे अध्यक्ष अजून मला कोपऱ्यात गाठून विचारतात, "अहो, तुमच्या साडूंचं माझ्याशी बिनसलं तरी काय?"

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण व्हॅनचं काय?

मी कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातली नोकरी सोडून किराण्याचं दुकान टाकलेला माणूस. तूरडाळीपासून अगरबत्तीपर्यंत प्रत्येक वस्तू घासाघीस करून आणली, तेव्हा कुठे दुकान उभं राहिलं. स्लायगोला जुनी व्हॅन घ्यायला गेलो, तेव्हा साडूंना बरोबर नेण्याची दुर्बुद्धी मला झाली. मी टायरला लाथा मारून पाहिल्या, बॉनेट उघडून जोरात उसासे टाकले आणि शेवटी फाटकाकडे चालू लागलो. ही माझी हुकमी विद्या. मी फाटकाकडे निघालो आणि विकणाऱ्याने हाक मारली नाही, असं कधी झालेलं नाही. याही म्हाताऱ्याने मारली. टोपी काढून कपाळ पुसलं. आता शरण येणार, तेवढ्यात साडू म्हणाले, "शेठ, पुरे. त्याचा चेहरा बघा." आणि त्याच्याकडे वळून इंग्रजीत, "व्हॅन फार सुंदर आहे हं तुमची." म्हाताऱ्याने टोपी परत डोक्यावर ठेवली. ती व्हॅन मी अजून चालवतो, आणि प्रत्येक गिअरला मला साडू आठवतात.

तेही गिळलं असतं. पण ह्या माणसाने माझी मुलगी फितवली. दुसरं दुकान काढून गार्गीच्या हाती द्यायचं, हे मी ती शाळेत असल्यापासून ठरवलेलं. ती सुट्टीत मावशीकडे जायची आणि तिथे काका तिला रस्त्यावरच्या पाट्या दाखवायचे. "बघ गं, आयरिश वरती लिहिलेलं असतं आणि वाचतात सगळे खालचं इंग्रजी. बिचारी भाषा!" झालं. पोरगी आयरिश शिकवायला निघाली. जिला मी मराठीत चार वाक्यं बोललो की इकडच्या इंग्रजीतलं "ग्रँड, बाबा", म्हणजे 'ठीक आहे', एवढंच उत्तर सुचतं, ती दुसऱ्यांच्या पोरांना आयरिश शिकवणार!

दोन हजार अठराच्या फेब्रुवारीत तिच्या जुन्या कॉलेजची फुटबॉल मॅच स्लायगोला होती. इकडचं गेलिक फुटबॉल. चेंडू हातात धरून पळायचं, लाथही मारायची, आणि पंच नेमका त्या वेळी दुसरीकडे बघत असतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण दुकानाचा सौदा करायचा तर समोरचं माणूस खुशीत असावं लागतं, म्हणून एवढ्या मोठ्या घोडीला मी स्वतः व्हॅनमधून मॅचला नेलं. फाटकावर साडू हजर. कापडी पिशवीत दोन्ही कॉलेजांचे मफलर. "कोण हरेल सांगता येत नाही ना, शेठ."

मध्यंतरापर्यंत आमचं कॉलेज भलतंच पुढे गेलं. साडू उठले. "चल गं, पलीकडची मंडळी फार गप्प झालीत." आणि गार्गी, स्वतःचं कॉलेज सोडून, गेली की त्यांच्याबरोबर! ओल्या गवताच्या उतारावर मी आणि चिवड्याचा डबा. समोर ती दोघं परक्या टीमसाठी घसा फोडतायत.

थोड्या वेळाने ती एकटीच परत आली.

"बाबा," ती म्हणाली, "मी कासलबारच्या शाळेत शिकवायला हो सांगितलं. सप्टेंबरपासून."

सबंध वाक्य मराठीत. तेव्हाच ओळखलं, हे आधीच ठरलंय.

"दुकान तुझ्या नावावर करतो."

"नको, बाबा."

"बरं, फक्त शनिवार-रविवार बघ."

"नको ना."

"मग ही सगळी मेहनत मी कुणासाठी केली गं?"

 मी उठलो आणि फाटकाकडे चालू लागलो. तसाच, सावकाश, पाठ ताठ ठेवून. फाटक आलं. फाटकाच्या कडीला हात लावला. हाक आली नाही. वळून पाहिलं तर पोरगी हात खिशात घालून होती तिथेच उभी, डोळे लाल. माझी हीच विद्या ती लहानपणापासून बघत आलेली. मी आपला आपण परत आलो आणि बसलो. "चहा आणते," म्हणून ती गेली.

मॅच अजून चालूच होती. पाहतो तर साडू मैदानाला वळसा घालून चिखल तुडवत माझ्याकडे येत होते.

"चुकलात," मी खेकसलो. "आमची टीम जिंकतेय."

त्यांनी क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"हो, टीम जिंकतेय," ते म्हणाले, आणि माझ्या शेजारी ओल्या गवतावर बसले. मग चिवड्याचा डबा पुढे ओढून त्यातले शेंगदाणे वेचून खाऊ लागले.

पुढच्या वर्षी ते नोकरी आटोपून नागपूरला परत गेले. व्हॅनचं मी अजून माफ केलेलं नाही. परवा एका घाऊक व्यापाऱ्याला हरभऱ्याच्या भावावरून धरलं. त्याने कपाळ पुसलं, तसा मी सवयीने थांबलो, शेजारी पाहिलं. "शेठ, पुरे" म्हणणारं तिथे कोणी नव्हतं. हल्ली माझे सौदे फार लवकर संपतात.