लॉनवरची पिवळी पावलं

"मॅडम, लॉनवरून कोणीतरी चालत गेलंय," दत्ताशेठ फोनवर म्हणाले.

मला त्यात विशेष काही वाटलं नाही. "जाऊ दे की शेठ. लॉन चालायलाच असतं."

"अहो, पावलं उमटलीत. पिवळी! पार्किंगपासून पार स्टेजकडे. अठरा दिवसांवर लग्न हाय मॅडम."

मी तेव्हा वाडा तालुक्यात दुसऱ्या साइटवर होते. उद्या सकाळी येते, तोपर्यंत काही करू नका, असं सांगून फोन ठेवला. 'काही करू नका' हे जरा जोर देऊन सांगायला हवं होतं.

कोन गावाजवळ कल्याण रोडला लागून दत्ताशेठचं लॉन आहे. आमच्याकडे लॉन म्हटलं की लग्नाची मोकळी जागा. मध्ये हिरवळ, एका टोकाला स्टेज, बाजूला जेवणाचा मंडप, पुढे पार्किंग. पूर्वी तिथे त्यांची भातशेती होती. त्या हिरवळीची देखभाल माझ्याकडे आहे. मी शेतकी पदवीधर, जन्माने भिवंडीकर. घरात सगळे नोकरदार. मी गवत वाढवून पोट भरते हे माझ्या मामांना अजून नीट पटलेलं नाही. माझ्याबरोबर तुकाराम काका असतात. शेलार गावचे, साठीच्या पुढचे. गवताला हात लावून ते पाणी मागतंय की नाही हे सांगतात, आणि सहसा बरोबर सांगतात.

दुसऱ्या दिवशी दहाला पोचले. पावलं खरोखरच होती. पार्किंगच्या कडेला स्पष्ट, पिवळीजर्द, टाच-चवडा वेगळा दिसेल अशी. स्टेजकडे जाता जाता फिकट होत गेलेली. आणि सगळ्या हिरवळीवर पांढरे दाणे पसरलेले.

"शेठ, हे काय?"

"युरिया. भात पिवळं पडलं की आम्ही युरियाच मारायचो. काल दुपारी एक गोण मोकळी केली."

खत गवताच्या पात्यावर मिठासारखं वागतं. लोणच्यातलं मीठ जसं फोडीतलं पाणी ओढतं, तसं दाणा पात्यातलं पाणी ओढतो. पातं करपतं. म्हणून लॉनला खत द्यायचं ते मोजून, सारखं पसरून, आणि लगेच भरपूर पाणी देऊन. शेठनी ते भर उन्हात, मुठीने, पाण्याशिवाय दिलं होतं. रात्रीच्या दवात काही दाणे विरघळले होते आणि तिथे तपकिरी ठिपके पडायला लागले होते.

एकच बरं होतं, ऊन वर आल्यामुळे गवत सुकलं होतं. ओल्या गवतावरून दाणे निघत नाहीत. काकांनी आणि मी खराटे घेतले आणि जितका युरिया निघेल तितका झाडून गोळा केला. मग स्प्रिंकलर लावले. त्या दिवशी दोनदा, पुढचे दोन दिवस सकाळी. पाणी इतकं की उरलेलं खत मुळांच्याही खाली उतरावं. शेठ बोअरच्या पाण्याकडे बघून हळहळत होते.

आता पावलं. तणनाशकं साधारण दोन प्रकारची. एक निवड करणारं: रुंद पानांचं तण मारतं, गवताला सोडतं. दुसरं समोर हिरवं दिसेल ते मारणारं. पानातून आत शिरतं, मुळापर्यंत जातं, आणि आठवड्याभराने परिणाम दिसतो. हे दुसरं औषध वापरायला परवाना लागतो. माझ्याकडे तो आहे. नऊ दिवसांपूर्वी पार्किंगच्या फरशांच्या फटींतला लव्हाळा मारायला आम्ही तेच फवारलं होतं. अर्धं पार्किंग काकांनी, अर्धं मी. म्हणजे ओल्या फरशीवरून कोणीतरी तसंच हिरवळीवर आलं होतं.

मी काकांना बाजूला घेतलं. "काका, त्या दिवशी बूट न धुता आत आलात का?"

"मी? न्हाय वो बाई. मी तं गेटाकडनं बाहेर बाहेर गेलो."

"आठवून सांगा. दमलात, सावलीत बसायला आला असाल."

काकांनी टेम्पोतून आपला गमबूट आणला आणि सगळ्यात स्पष्ट पावलाशेजारी ठेवला. बूट दोन बोटं पुढे गेला. मग ते माझ्या पायांकडे न बघता म्हणाले, "ह्यो पाय लहान हाय."

मग मला सगळं आठवलं. फवारणी संपत आली तेव्हा शेठनी स्टेजवरून हाक मारली होती. लाइटचे खांब कुठे लावायचे, बघायला या. मी पंप खाली ठेवला आणि मोबाइल कानाला लावून सरळ हिरवळ ओलांडून गेले. बूट धुतले नाहीत. वीस वर्षं लोकांना सांगत आलेय, औषध मारलं की आधी बूट धुवा.

काका खराटा घेऊन पुन्हा कामाला लागले होते, जणू काही झालंच नाही.

तेवढ्यात शेठ आले. "मला वाटलंच होतं. म्हाताऱ्याची चूक ना? मॅडम, तुम्ही उद्यापासून दुसरा माणूस आणा. नारपोलीच्या मास्तरांनी फक्त हिरवळ बघून हे लॉन घेतलंय. त्यांच्या मुलीचं लग्न हाय. मी काय उत्तर देऊ?"

खरं सांगते, एक क्षण मला मोह झाला. हे कंत्राट मोठं होतं. त्यांच्या ओळखीने आणखी दोन लॉन मला मिळायची होती. आणि काका काही सांगणार नव्हते, हे मला पक्कं माहीत होतं.

"शेठ, पावलं माझी आहेत," मी म्हटलं. "तुम्ही हाक मारलीत तेव्हा मी तशीच आले. काकांचा काही संबंध नाही."

"तुमची?" शेठनी विचारलं.

"माझी. आणि दुरुस्तीही माझीच."

"मंग करा. पण अठरा दिवसांत."

"सतरा राहिले," काका मागून म्हणाले.

शेठनी वर हिरवी मॅट टाकू का विचारलं. मी नको म्हटलं. मॅटखाली ऊब धरून उरलेलं गवतही गेलं असतं. मेलेलं गवत खत घालून परत येत नाही, ते काढावंच लागतं. त्यातल्या त्यात नशीब असं की हे औषध मातीला चिकटून बसतं, तिथे लावलेल्या नव्या गवताला सहसा त्रास देत नाही.

स्टेजच्या मागे, जनरेटरच्या बाजूला, आमचंच लावलेलं तेच गवत होतं. तिथे कोणी बघत नाही. तिथून काकांनी मुळं-मातीसकट लाद्या कापल्या. मी गुडघ्यावर बसून एकेक पाऊल खुरप्याने कापत गेले, दोन इंच खोल. खाली माती आणि वाळू सारखी केली, लादी बसवली, फळी ठेवून दाबली, पाणी दिलं. काका लादी देताना नुसतं "घ्या बाई" म्हणत होते. दुपारपर्यंत कंबर धरली.

"काका, मी तुमच्यावर उगाच आळ घेतला," शेवटी मी म्हटलं.

"घेतला खरा," ते म्हणाले. थोडा वेळ लादीची कड सारखी करत राहिले. "पन शेठला सांगितलंसा. त्ये बरं केलंसा."

पुढचे दिवस त्या पट्ट्याभोवती दोरी बांधली. कोणी चालायचं नाही, मशीन फिरवायचं नाही, खत नाही, कुठलंही औषध नाही. सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी. युरियाचे ठिपके दहाव्या दिवशी आतून हिरवे व्हायला लागले. पाती करपली होती, मुळं शाबूत होती. लाद्या मी रोज हलकेच ओढून बघायचे. बाराव्या दिवशी ओढली ती आलीच नाही. मुळं खाली गेली होती. मी तिथेच बसून हसले. लग्नाच्या तीन दिवस आधी कापणी केली, जरा उंचच ठेवून.

लग्नाला शेठनी आम्हा दोघांना बोलावलं. काका पांढरा सदरा घालून आले होते. मास्तर हात जोडून पाहुण्यांचं स्वागत करत होते. हिरवळीवर खुर्च्या, माणसं, पोरांची पळापळ. मी मुद्दाम पार्किंगपासून स्टेजपर्यंत चालत गेले, खाली बघत. ठिगळं ओळखू येत होती, बाकीच्या गवतापेक्षा जरा गडद. पण ती मलाच. पंगतीत शेठ स्वतः काकांना वाढत होते, आग्रह करकरून. दुसऱ्या माणसाचा विषय पुन्हा निघाला नाही. ती दोन लॉनही पुढच्या महिन्यात मिळाली. शेठनी तिथे काय सांगितलं कोण जाणे, पण पहिल्याच भेटीत एका मालकाने माझ्या बुटांकडे नजर टाकली.

आता माझ्या सगळ्या साइटवर एक नियम आहे. फवारणी झाली की पंप तीनदा विसळायचा, बूट तिथेच धुवायचे, आणि त्या दिवशी हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, कोणीही हाक मारली तरी. नियम सगळ्यांना आहे. मॅडमला सगळ्यात आधी.