पादऱ्याचं पाणी

सासूबाई गेल्या त्यानंतरच्या हिवाळ्यात सासऱ्यांचं जेवण तुटलं. उपास नव्हता, रुसवा नव्हता. वेळेवर ताटावर येऊन बसायचे, वरणभाताचे दोन घास घ्यायचे आणि पोटावर हात ठेवून म्हणायचे, "बास. आता वर येतंय."

घरात आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. वय पंच्याऐंशीच्या पुढे, नोकरी सगळी ग्रंथालयात गेलेली, त्यामुळे आवाज हळू आणि मत ठाम. दोन महिन्यांत सदरा त्यांच्या खांद्यांवरून लोंबायला लागला. माझ्या नवऱ्याने त्यांना पोटाच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण, मोकळ्या स्वभावाच्या गुजराती बाई. त्यांनी दुर्बीण घालून तपासलं आणि जठरात एक लहानसा अल्सर आहे, घाबरण्यासारखं काही नाही, असं सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या. दादांनी त्या इमानाने घेतल्या. जळजळ कमी झाली, पण ताटातला भात तसाच राहायचा.

एका रविवारी सकाळी चहाचा कप बाजूला सारून ते म्हणाले, "हे गोळ्यांनी होणार नाही. मला हवापालट पाहिजे. पादऱ्याला नेऊन ठेवा."

नवऱ्याला हसू आलं. "दादा, पादरा गाव म्हणजे इथून अर्ध्या तासाचा रस्ता. आमच्या ऑफिसातली माणसं तिथून रोज स्कूटरवर येतात. तिथली हवा इथल्याहून वेगळी कुठून असणार?"

"हवा राहू दे," दादा म्हणाले. "पाणी."

पादऱ्याच्या पाण्याची गोष्ट मी लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हापासून ऐकत होते. दादा आठ-नऊ वर्षांचे होते, संस्थान अजून होतं, आणि घर दांडिया बाजारात. त्यांचं पोट दुखायला लागलं ते थांबेना. तेव्हा संस्थानच्या दवाखान्यातले मोठे डॉक्टर घरी आले आणि त्यांनी मुलाला पादऱ्याला मावशीकडे पाठवायला सांगितलं. औषध एकही नाही, नुसते नियम. जायचं ते बैलगाडीने, मोटारीने नाही, कारण गाडीच्या हादऱ्यांनी यकृत जागं होतं. पोटाला फलालीनचा उबदार कापडी पट्टा बांधून ठेवायचा, आत गार वारा शिरता कामा नये. सकाळी बार्लीचं पाणी, दुपारी जुन्या तांदळाची पेज, ताक फक्त ऊन असेपर्यंत. जेवताना वाचायचं नाही, भांडायचं नाही. रात्रीचं जेवण दिवेलागणीच्या आधी. आणि प्यायला महादेवाच्या देवळाजवळच्या एकाच विहिरीचं पाणी. महिन्याभरात पोट बरं झालं. "अमृत होतं ते पाणी," असं म्हणून दादा गोष्ट संपवायचे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. हादऱ्यांनी यकृत जागं होतं हे ऐकून मला दर वेळी गंमत वाटायची. पण त्या डॉक्टरांना हसावं असं मात्र कधी वाटलं नाही. आज आपण पोटासाठी ज्या गोळ्या सहज घेतो, त्यांतली एकही त्यांच्या हाताशी नव्हती. मग ते दुसरं गाव द्यायचे, दुसरं पाणी द्यायचे, पथ्य द्यायचे, आणि बरं व्हायला वेळ द्यायचे. ज्यांना परवडे ते समुद्रावर नाहीतर डोंगरात जात. दादांसारख्या कारकुनाच्या मुलाच्या वाट्याला पादरा आलं.

मी डॉक्टर बाईंना फोन करून विचारलं. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "न्या ना त्यांना. गोळ्या चुकवू नका आणि विहिरीचं पाणी तेवढं पाजू नका. बाकी माझी काही हरकत नाही."

माझ्या शाळेतली गणिताची शिक्षिका, माझी मैत्रीण, पादऱ्याहून रोज ये-जा करते. तिला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "काकांना घेऊन चल माझ्याकडे. वरची खोली रिकामीच आहे." मी आठवड्याची रजा काढली, संध्याकाळच्या शिकवण्या बंद ठेवल्या, आणि नवऱ्याने आम्हा दोघांना गाडीतून पोचवलं. वाटेत दादा खिडकीबाहेर बघत होते. मध्येच नाराजीने म्हणाले, "रस्ता फार गुळगुळीत केलाय."

मैत्रिणीचा नवरा भाजीचा व्यापारी. पहाटे मार्केट यार्डात जायचा आणि अकराच्या सुमाराला घरी यायचा तो पिशवीभर ताजी पापडी, वांगी, मेथी घेऊन. आडव्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. "केम छो काका, जम्या?" म्हणजे जेवलात का, हे त्याचं पहिलं वाक्य आणि बहुतेक शेवटचंही. दादांनी त्याला पहिल्याच दिवशी पथ्याचे सगळे नियम गुजरातीत समजावून सांगितले. त्यानेही ते मन लावून ऐकले. मग फलालीन कुठे मिळेल म्हणून बायकोला विचारलं. तिने कपाटातून एक जुना लोकरी मफलर काढून दिला, आणि दादांनी तो खरंच पोटाला गुंडाळला.

पहिले दोन दिवस फरक काही पडला नाही. पेज अर्धी वाटी जायची, तीही आग्रहाने. मैत्रीण शाळेत गेलेली असायची, तिचा नवरा घामेजलेला येऊन दादांच्या समोर पाटावर बसायचा आणि ढीगभर जाड गुजराती भाखऱ्या खायचा. दादा त्याच्याकडे बघत राहायचे. मला वाटलं, आपण उगाच आलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादा म्हणाले, "चल, विहीर बघून येऊ."

मावशीचं घर राहिलं नव्हतं. त्या जागी मोबाइलची दुकानं होती. देऊळ मात्र सापडलं, आणि त्याच्या मागे विहीरही. विहिरीवर लोखंडी जाळी बसवलेली, जाळीतून पिंपळाचं रोप वर आलेलं. मोटर लावून ते पाणी आता अंगण धुवायला आणि झाडांना वापरत होते. बाहेर एक नळ होता. दादांनी वाकून तो उघडला आणि ओंजळ भरली.

"दादा, पिऊ नका!" मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी नुसता जिभेचा शेंडा लावला. पाणी खाली सोडून दिलं आणि ओला हात तसाच धरून उभे राहिले.

"खारट आहे," ते म्हणाले.

"आता सगळीकडेच जमिनीतलं पाणी खारं झालंय," मी त्यांची समजूत घालायला गेले. "इतकी वर्षं झाली. तेव्हा गोड असेल."

"नाही ग. तेव्हाही असंच होतं. हीच चव." त्यांच्या चेहऱ्यावर विलक्षण आश्चर्य होतं. "मावशी त्यात गूळ टाकून द्यायची मला. मी कसा विसरलो?"

ते देवळाच्या ओट्यावर बसले. मी शेजारी बसले. ते म्हणाले, "मला एक धाकटा भाऊ होता."

माझ्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. त्या घरातली मेलेली माणसं मला जिवंत माणसांइतकीच माहीत होती, कोण कुठल्या खात्यात होतं, कोणाला कसला चष्मा होता इथपर्यंत. हा भाऊ मी कधीच ऐकला नव्हता.

"माझ्याहून दोन वर्षांनी लहान," दादा सांगू लागले. "दोघं शाळेतून येत होतो. बाजारात एक जण काकडी कापून, तिखटमीठ लावून विकायचा. घरून सक्त मनाई होती. आम्ही घेतली, दोघांनी खाल्ली. रात्री त्याला जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला."

"आणि तुम्ही?"

"मला काही झालं नाही. काहीच नाही." ते हाताकडे बघत होते. "मी कोणाला सांगितलंही नाही, की मीपण खाल्ली होती. घरात त्याचं नाव काढायचं बंद झालं. आई बोलायचीच बंद झाली. मग माझं पोट दुखायला लागलं. पानावर बसलो की वाटायचं, आता यात असेल. या घासात असेल."

"मग ते डॉक्टर आले."

"हो. त्यांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. जीभ बघितली, पोट दाबलं. मग अगदी हळू विचारलं, 'तूही खाल्लं होतंस ना?' मी मान हलवली. ते रागावले नाहीत. म्हणाले, 'आता नीट ऐक. मी सांगेन तेवढंच खायचं, सांगेन तेव्हाच, सांगेन तेच पाणी प्यायचं. मी सांगितलेल्या खाण्याने तुला काहीही होणार नाही. ते माझ्यावर.' एवढंच. आणि बाहेर जाऊन वडिलांना सांगितलं, याला हवापालट पाहिजे."

रस्त्यावरून छकडा रिक्षांची, टेम्पोंची वर्दळ चालू होती. मला तो भेदरलेला मुलगा दिसत होता. जगातलं कुठलंही अन्न जीव घेईल असं वाटणाऱ्या त्या मुलाला कोणीतरी मोठ्या अधिकाराने चार पदार्थ आखून दिले होते, की हे सुरक्षित आहेत. आणि त्या मुक्या घरातून उचलून मावशीच्या गजबजलेल्या घरात नेऊन ठेवलं होतं. डॉक्टरांचा स्वतःचा त्या पाण्यावर आणि हादऱ्यांवर विश्वास होता का? असेलही. त्या काळचे शिकलेले डॉक्टर असलं मनापासून मानत. की त्यांना दुखणं नेमकं कळलं होतं, आणि ते सांगायला दुसरी भाषा नव्हती म्हणून त्यांनी पाण्याचं नाव घेतलं? हे कळायला आता काही मार्ग नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, असं मला अलीकडे वाटतं.

"दादा, आईंना माहीत होतं हे?" मी विचारलं. सासूबाईंना मी आई म्हणायचे.

"तिला सांगितलं होतं. लग्नानंतर लगेच. तिला एकटीलाच."

मग ते ओट्याला हात टेकून उठले आणि आम्ही सावकाश घरी आलो.

त्या दुपारी ते खिचडी जेवले. फार नाही, पण वाढलेली संपवली. मैत्रिणीचा नवरा पापडीचं शाक पुढे करून म्हणाला, "काका, थोडुं तो लो." दादांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घ्या. त्याने काही होणार नाही." म्हणताना माझ्याच लक्षात आलं की मी कोणाचं वाक्य बोलते आहे, आणि एवढ्या खात्रीने बोलायचा मला अधिकार आहे का, म्हणून जरा धसकाही बसला. पण त्यांनी चमचाभर घेतलं, चावलं, आणि आणखी थोडी कढी मागितली.

सगळं श्रेय त्या ओट्यावरच्या सकाळीला देणं मला बरोबर वाटत नाही. गोळ्या सुरू होऊन बरेच आठवडे झाले होते आणि अल्सर भरून यायला तेवढा वेळ लागतोच. जागा बदलली होती, भाजी त्याच सकाळची खुडलेली होती, समोर आवडीने जेवणारा माणूस होता. यातलं कशाने किती झालं हे वेगळं काढता येत नाही. मुलांना मी शिकवते की एका वेळी एकच गोष्ट बदलून बघावी. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तेवढी चैन कोण करणार?

आठवड्याने नवरा न्यायला आला तेव्हा दादा गाडीत पुढे बसले. पुढच्या तपासणीत अल्सर भरून आलेला निघाला. डॉक्टर बाईंनी विचारलं, "काका, पादऱ्याला काय केलंत?" दादा म्हणाले, "खाल्लं." वजन थोडंफार परत आलं, सगळं नाही. दूध अजूनही त्यांना सोसत नाही, आणि काही दिवस असे येतात की ताट तसंच मागे जातं. अशा दिवशी आम्ही कोणी आग्रह करत नाही.

परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी त्यांचं पान लवकर घ्यायला गेले, तर ते म्हणाले, "तुझ्या शिकवण्या आटपू दे. मी तुमच्याबरोबर बसेन." साडेआठला तिघं जेवायला बसलो. मी नवऱ्याला काही सांगितलं नव्हतं, सांगणं माझं काम नव्हतं. दादांनी स्वतःच सांगितलं, आमटीत भात कालवता कालवता, फार मोठं न करता.

नवरा हातातला घास तसाच धरून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "काय नाव होतं त्याचं?"

दादांनी नाव सांगितलं. ते उच्चारताना त्यांना थोडं अवघडल्यासारखं झालं. नवऱ्याने तेच नाव हळूच पुन्हा घेतलं, आणि विचारलं, "कसा होता?"

"फार हट्टी," दादा म्हणाले. "पायात काही घालायचा नाही. आई चपला घेऊन मागे धावायची, आणि हा पुढे."